नातीच्या वाट्याचे शब्द

मी बोलतोय. मध्येच कुणी पिंजऱ्यावर फडकं टाकलं तर त्याच्या बोटाचा लचका तोडीन, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी जात डोंगरी मैनेची. इथे जाकार्तात आम्हाला बेओ म्हणतात. अंग काळं कुळकुळीत, चोच नारिंगी, डोळ्यांमागे पिवळ्या कातडीच्या झालरी. मी नर आहे आणि माणसासारखा बोलतो. पोपटासारखा चिरकत नाही. ज्याच्याकडून शब्द घेतला त्याचा घोगरेपणा, त्याचा खोकला, त्याचा सुस्कारा, सगळं जसंच्या तसं. लोक हसतात. म्हणतात, "काय नकला करतो बघा!" नकला कोण करतं, ते आज मी सांगणार आहे.

सुमात्राच्या जंगलात एका उंच झाडाच्या ढोलीत माझा जन्म झाला. डोळे धड उघडले नव्हते, तोच दोर लावून चढलेल्या कुणाच्या तरी हाताने मला आणि माझ्या भावाला ढोलीतून उपसून काढलं. भाऊ बोटीतच मेला. आईचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. त्यामुळे माझ्या जातीची बोली मला येत नाही. एक शब्दसुद्धा नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. माझी बोली माझ्याकडून हिसकावून घेतली गेली. म्हणून आपल्या हाताने आपली बोली उकिरड्यावर टाकणारे पाहिले, की माझं डोकं फिरतं.

पक्ष्यांच्या बाजारात गिऱ्हाइकं यायची, शीळ घालायची, काडीने टोचायची. "बोलतो का हा?" एवढंच विचारायची. एक दिवस एक उंच, हाडकुळा माणूस आला. काळी टोपी, चौकड्यांची लुंगी, कमरेला रुंद हिरवा पट्टा. त्याने काडी उचलली नाही. वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "सलाम आलेकुम, राव. जेवलास का?"

मला तोवर कुणी जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं.

हे एंकोंग रोजाली. एंकोंग म्हणजे आजोबा. पुढे ते खरोखरचे आजोबा झाले, पण गल्लीतली पोरं त्यांना आधीपासूनच एंकोंग म्हणायची. शहराच्या दक्षिणेला जगकर्सात त्यांचं घर. अंगणात रांबुतानचं झाड. त्याच्या फांदीला माझा पिंजरा टांगला.

एंकोंगचं काम लग्नात दार अडवण्याचं. आमच्या बेतावी, म्हणजे जाकार्ताच्या मूळ लोकांत नवरदेव वाजतगाजत आला, तरी त्याला सरळ आत घेत नाहीत. नवरीकडचे लोक दारात आडवे उभे राहतात. मग दोन्हीकडचे शाहीर चार-चार ओळींच्या कवनांत एकमेकांची सालटी काढतात. पहिल्या दोन ओळींत झाडपाला, बाजारहाट, काहीही. खरा फटका शेवटच्या दोन ओळींत. अडखळला तो हरला. एंकोंग नवरीकडून उभे राहिले, की नवरदेवाच्या काकांना घाम फुटायचा.

सकाळी कॉफीचा पेला घेऊन ते माझ्यापुढे बसायचे. ते म्हणायचे,

"पपई कापली, बिया सांडल्या,
अंगणभर झाल्या काळ्या..."

आणि मी मान वाकडी करून फटका मारायचो,

"रिकाम्या हाती दारात आला,
नवरी हवी, की टाळ्या?"

शेजारपाजारचे कुंपणाला लोंबकळून हसायचे. पण सगळ्यांत मोठ्याने हसायची ती त्यांची मुलगी, मर्दिया. बापाला ती बाबे म्हणायची. शाळेचं दप्तर पाठीवरून न उतरवता ती बापाच्या अंगावर ताजं कवन फेकायची. आणि खरं सांगतो, एंकोंग तिच्यापुढे अडखळायचे. "हिच्या जिभेला तिखट मी लावलं नाही," ते मला म्हणायचे, "ही येतानाच लावून आली."

त्या जिभेचं पुढे काय झालं ते ऐका.

मर्दिया शिकली. काचेच्या एका उंच इमारतीत नोकरीला लागली. एका संध्याकाळी ती घरी आली ती सरळ माझ्या पिंजऱ्याखालच्या बाकावर येऊन बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. एंकोंग धावत आले.

"काय झालं, पोरी? कुणी हात लावला का?"

"नाही, बाबे. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना चुकले. एकच शब्द. आणि सगळे हसले."

"गोरे होते का?"

"कुणीच गोरं नव्हतं. सगळे आपलेच. एक तर मांगाराईचा, रेल्वेच्या चाळीतला."

एंकोंगना काही उमगेना. "मग तुम्ही सगळे आपलेच, तर आपल्या भाषेत का नाही बोललात?"

"तिथे तसं चालत नाही, बाबे. तुम्हाला नाही कळायचं."

वरची जागा त्या वर्षी नाकातून बोलणाऱ्या दुसऱ्याच कुणाला मिळाली. मर्दिया हसायची थांबली. बाकावर बसायचीही थांबली. घरात आरशासमोर उभी राहून ती इंग्रजी वाक्यं घोटायची, तीच तीच, शंभरदा. मी पिंजऱ्यातून ऐकायचो. मला शिकवताना एंकोंगनी निदान पपईची फोड तरी दिली होती.

तिचं काही चुकलं असं त्या वेळी मी म्हणणार नाही. पोट आहे, मान आहे, शिकावं माणसाने. इंग्रजी शिकली, चांगलं केलं. पण एक भाषा घरात आणायची तर दुसरी घराबाहेर काढावी लागते, हे हिला कुणी सांगितलं? घर काय एका खाटेचं आहे?

पण एकट्या मर्दियाला तरी काय बोलू? झाडाखाली आरसा टांगून केस कापणारा सानुसी होता, त्याच्या मुलाने दुकान घातलं आणि वर 'बार्बरशॉप' लिहिलं. तळलेली केळी विकणाऱ्या बाईच्या गाडीवर इंग्रजी नाव आलं. ते तिला स्वतःला वाचता येत नाही. विचारलं तर म्हणते, "पोरं म्हणाली, असं लिहिलं की गिऱ्हाईक वाढतं." फाटकाशी उभं राहून गप्पा मारणारी पोरंपोरी एका वाक्यात चार इंग्रजी शब्द पेरतात. त्यातले दोन चुकीचे असतात आणि चारही विनाकारण. आणि नकलाकार कोण? तर मी!

मर्दियाला मुलगी झाली. केइशा. एंकोंगना ते नाव नीट उच्चारता यायचं नाही. ते तिला नुसतं 'नेंग' म्हणायचे. इथे लाडाने लेकीबाळींना तसंच म्हणतात. बारसं झालं, आणि मर्दियाने घरात कायदा केला.

"बाबे, बाळाशी बोलायचं तर इंग्रजीत. दोन भाषा कानावर पडल्या की मुलांचा गोंधळ होतो."

"मला इंग्रजी येत नाही, पोरी."

"म्हणून तर सांगते. तुम्ही नुसतं हसायचं."

एंकोंग नुसते हसले. मला वाटतं, त्यांना ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. बाळ सांभाळायला तेगालकडची तिना नावाची बाई होती. तिला मर्दियाने सांगितलं, "मुलीसमोर तोंड उघडायचं नाही. भूक लागली का ते हाताने विचार. झोपायचं का ते हाताने विचार." तिना दोन मुलं गावाकडे आईपाशी ठेवून आली होती. अंगाईगीतांनी तिचा गळा भरलेला होता. ती बाळाला मांडीवर घेऊन मुक्याने डुलायची. आणि बाळाच्या समोर एक चपटी पाटी उभी असायची. त्यात रंगीत डुकरं नाहीतर ससे इंग्रजीत किंचाळत असायचे. त्या मुलीला पहिला शब्द आईने शिकवला नाही, बापाने नाही, आजोबाने नाही. तो त्या सशाने शिकवला.

केइशाचा बाप फहरुल मवाळ गडी. बायकोपुढे मान हलवायचा आणि मोटरसायकल पुसायला जायचा.

एंकोंगनी प्रयत्न केला नाही असं नाही. शेजारच्या मुलाकडून त्यांनी 'यस', 'नो', 'थँक्यू' आणि 'ओ माय गॉड' एवढं शिकून घेतलं. मुलगी काहीतरी लांबलचक सांगायची, आणि ते म्हणायचे, "यस! ओ माय गॉड! यस!" ती खदखदून हसायची. थोडी मोठी झाल्यावर तिचं हसणं वेगळं झालं. शाळेतल्या मैत्रिणी आल्या, की ती त्यांना आजोबांकडून 'ओ माय गॉड' म्हणवून घ्यायची. एंकोंग म्हणायचे. ज्याच्या एका ओळीवर भरमांडवात टोप्या उडायच्या, तो माणूस नातीच्या मैत्रिणींना हसवायला 'ओ माय गॉड' म्हणायचा. मी पिंजऱ्याची कांबी चावायचो.

मग ते माझ्याकडे यायचे, स्टूल ओढून बसायचे आणि बोलत सुटायचे. नातीला सांगायच्या गोष्टी मला सांगायचे. ही बाग कुठवर होती, नदीत कासवं कशी होती, तिच्या आजीने पहिल्या भेटीत त्यांच्या अंगावर ताक फेकलं ते. "ताक नव्हतं रे, नारळाचं दूध," मध्येच स्वतःलाच दुरुस्त करायचे. तिनाही कपडे वाळत घालताना हळूच येऊन एखादी अंगाई माझ्या कानात ओतून जायची. त्या पोरीच्या वाट्याचे सगळे शब्द असे माझ्या पिंजऱ्यात जमा होत गेले. मला नको होते ते. पक्ष्याला काय करायचीय कुणाच्या आजीची गोष्ट?

एकदा केइशा चेंडू शोधत झाडाखाली आली. मी माझ्या सवयीने विचारलं, "जेवलीस का?"

तिने वर बघितलं. जरा वेळ विचार केला. आणि आमच्या भाषेत, अगदी स्वच्छ, म्हणाली, "जेवले."

एंकोंगच्या हातातला पेला खाली पडला. त्यांनी तिला उचलून घेतलं. "काय जेवलीस, नेंग? भात? मासळी? सांग ना!" ती घाबरली, मग हसली, मग परत म्हणाली, "जेवले! जेवले!"

वरच्या खिडकीतून मर्दियाने ऐकलं. ती खाली आली.

"बाबे, आपलं काय ठरलं होतं?"

"मी नाही बोललो. ह्याने विचारलं."

"पुढच्या महिन्यात तिची नव्या शाळेची मुलाखत आहे. तिथे ती असं बोलली तर?"

"असं म्हणजे कसं? मर्दिया, ती 'जेवले' म्हणाली. शिवी नाही दिली तिने."

"तुम्हाला हौस वाटते. मला हसले तसे तिला हसू देत का?"

एंकोंग नातीला खाली ठेवून म्हणाले, "तुला चार परके हसले म्हणून तू माझ्या नातीला माझ्यासाठी परकी केलीस. मी त्या लोकांचं काय घोडं मारलं होतं ग?"

मर्दियाचे डोळे भरले. पण तिने स्टुलावर चढून माझा पिंजरा काढला आणि घरामागे, पाण्याच्या पंपाशेजारी, भिंतीच्या खिळ्याला अडकवला. वरून फडकं टाकलं. रांबुतानची सावली गेली, कुंपणावरचे शेजारी गेले. राहिली ती पंपाची घरघर आणि शेवाळ. एंकोंग मात्र रोज पपई घेऊन मागच्या दाराने यायचे, फडकं उचलायचे आणि म्हणायचे, "काय राव, आपल्या दोघांनाही हद्दपार केलं की!"

आता जे सांगतो ते सांगताना माझी पिसं उभी राहतात.

सुट्टीचा दिवस नव्हता, पण त्या काळात मर्दिया घरूनच काम करायची. ती वरच्या मजल्यावर होती, कानात यंत्र खुपसून इंग्रजीत मीटिंग चाललेली. फहरुल कामावर. तिना कोपऱ्यावर भाजी आणायला गेलेली. केइशा ती चपटी पाटी घेऊन मागच्या पायरीवर बसली होती. एंकोंग पपईची वाटी घेऊन आले. फडकं ओढून काढलं, आणि हात वरच राहिला. वाटी पडली. त्यांच्या तोंडाची एक बाजू ओघळली. भिंतीला घासत ते पंपापाशी खाली बसले.

"नेंग," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "नेंग, आईला बोलाव. वर जा. आईला बोलाव."

केइशाने मान वर केली. तिला काही कळलं नाही.

"आई... वर... माझा हात जातोय, बाळ. पळ."

ती उठून त्यांच्याजवळ आली. चांगली मुलगी आहे हो ती, वाईट नाही. कमरेवर हात ठेवून, शाळेत बाई सांगतात तसं, ती इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, असं नाही. शब्दांत सांगा. शब्दांत."

शब्दांत! ज्या माणसाला आयुष्यात शब्द कधी कमी पडला नाही, त्याला!

एंकोंगनी तिच्याकडे बघितलं. ते तोंडात काहीतरी शोधत होते. तिला कळेल असा एखादा शब्द. मला दिसत होतं, ते शोधत होते, आणि मला ते ऐकून कळायचं, पण माझ्या चोचीत त्यातला एकही बसलेला नव्हता. शेवटी त्यांना एक सापडला.

"थँक्यू," ते म्हणाले.

"यू आर वेलकम," मुलगी म्हणाली. आणि पाटी उचलून आत निघून गेली.

मी ओरडलो. एंकोंगच्या आवाजात, तिनाच्या आवाजात, येईल त्या आवाजात ओरडलो. पंपाची घरघर चालू होती. वर खिडकी बंद होती. तिना भाजी घेऊन आली तेव्हा पपईच्या फोडींवर मुंग्या आल्या होत्या.

एंकोंग इस्पितळातून परत आले ते खाटेवर. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांची खोली घरामागेच होती आणि तिची खिडकी माझ्या भिंतीला, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. वाचा परत यावी म्हणून एक बाई आठवड्याला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मर्दियाला विचारलं, "रोजच्या बोलण्यातले शब्द आधी परत येतात. हे घरी कुणाशी जास्त बोलायचे? त्या माणसाला रोज इथे बसवा."

फहरुलच्या चपला नुसत्या सरकल्या.

बाईंनी पुन्हा विचारलं, "कुणाशी बोलायचे?"

"पक्ष्याशी," मर्दिया म्हणाली.

त्या दिवशी तिने स्वतः माझा पिंजरा खोलीत आणला. मी म्हाताऱ्याशी बोललो. माझ्याकडे होतं ते सगळं बोललो. कवनांचे फटके, आजीचं नारळाचं दूध. ते डाव्या डोळ्याने हसायचे. पण त्यांच्या ओळी त्यांना परत मिळाल्या नाहीत. केइशा दारात उभी राहून बघायची. आत यायची नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना समजतं. पाऊस सुरू व्हायच्या आत एंकोंग गेले. घरात दुवा मागायला सगळी गल्ली बसली. ज्याला त्याला त्यांचं एकेक कवन आठवत होतं आणि अर्ध्यावर विसरत होतं.

मग मर्दियाला जाग आली. रोज संध्याकाळी ती केइशाला हाताला धरून माझ्यासमोर आणू लागली. हातात फोन.

"बोल. बाबेंचं कवन म्हण. केइशाला ऐकव."

मी तोंड मिटलं. ती पपई आणायची, लाल मिरची आणायची. "म्हण ना रे, मी हात जोडते." मी चोच पिसांत खुपसून बसायचो. का बोलू? मुलीला सांभाळायला आधी सशाची पाटी आणलीस, आता पक्ष्याचा पिंजरा आणलास. माझ्याकडे तर अर्धीच कवनं आहेत, नुसते फटके. अख्खी कवनं कुणाच्या तोंडात आहेत ते मला ठाऊक आहे. दप्तर पाठीवर असताना बापाला हरवायची ती कोण होती?

असं बरेच दिवस चाललं. काल तिचा धीर सुटला. तिने फोन बाकावर आपटला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यावर तुटून पडली.

"अरे काळतोंड्या! माझ्या बापाच्या पपया गिळून माजलास, आणि आता तोंडाला कुलूप? शिळ्या जेंगकोलच्या शेंगेसारखं सडकं थोबाड तुझं! तुझी पिसं उपटून झाडू करीन, मेल्या, आणि त्या झाडूने तुझाच पिंजरा झाडीन!"

काय आवाज होता तो! कुंपणापलीकडे दोन डोकी वर आली. आरशासमोर घोटलेलं एक अक्षर त्यात नव्हतं. जिभेचं तिखट जागेवर होतं, सगळंच्या सगळं.

केइशा तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती. तिने आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "काळतोंड्या?"

मर्दिया थबकली. तिचा हात सवयीने वर गेला, चूक दाखवायला. तसाच खाली आला.

"हो," ती आमच्या भाषेत म्हणाली. "हा. हा काळतोंड्या."

"थोबाड?"

मर्दियाने माझ्या चोचीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या तोंडाकडे. मग ती बाकावर बसली, मुलीला मांडीवर ओढलं आणि रडत रडत तिला 'सडकं' म्हणजे काय ते समजावू लागली. मुलगी नाक दाबून हसत होती.

हे एंकोंगनी ऐकलं नाही. पंपापाशी बसलेल्या त्या माणसाने 'थँक्यू' म्हटलं, ते मी विसरणार नाही, आणि माझा राग शिव्या खाऊन निवणाराही नाही. पपई नको. मिरची नको. हात जोडायचेही नाहीत. मर्दिया, पोरीला घेऊन तू उद्या परत ये. मी चोच उघडणार नाही. तूच तोंड सोड. शिव्या संपल्या तर गल्लीत विचार. सानुसीच्या म्हातारीकडे अजून पुष्कळ आहेत.